मायी काही हरकत नाही

आमच्या ले-आउटच्या वसाहतीच्या शेवटी एक वावर उरलं आहे. अमरावती पसरत पसरत आमच्या अंगावरून पुढे गेली, चहूकडे प्लॉट पडले, पण ते वावर कसं कोण जाणे, तसंच राहिलं. त्यात एक म्हातारी झेंडू आणि शेवंती लावते. ले-आउट तिला फुलवाली मावशी म्हणतं. तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून पूर्वी एक लग्नाचं लॉन होतं. माझ्या भाचीचा साखरपुडा तिथेच झाला. मग लॉन बंद पडलं, भिंतींवर वेल चढले, आणि गेल्या वर्षी कुणीतरी ते घेऊन पुढच्या बाजूला अख्खी निळी काच बसवली.

पहिल्यांदा आतले दिवे लागले तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. दिवस मावळायला आला होता. काचेतून निळा उजेड बाहेर आला आणि सरळ मावशीच्या वावरात जाऊन पसरला. झेंडू हिरवट दिसायला लागला, कच्च्या पेरूसारखा. मी तशीच उभी राहिले. हातातल्या चादरीचं एक टोक खाली लोंबत होतं आणि मला ते उचलावंसं वाटेना. खरं सांगायचं तर मला तो उजेड फार आवडला. पुढे त्याच उजेडाविरुद्धचा अर्ज मीच लिहिला, म्हणून हे आधी सांगून टाकते.

आठ दिवसांत पाटी लागली. फॅमिली रिक्रिएशन क्लब. खाली बारीक अक्षरात, कौशल्याचे खेळ. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, ते ले-आउटचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाटी वाचली आणि जाहीर केलं, "कायचा फॅमिली आन् कायचं काय. हा कॅसिनो हाय, गोव्यासारखा. नाव फकस्त दुसरं ठिवलं." तो शब्द सगळ्यांना इतका पसंत पडला, की दुसऱ्या दिवशी दूधवालाही कॅसिनो म्हणू लागला. फुलवाली मावशी हार घेऊन आली तेव्हा मला म्हणाली, "काहून व बाई, कॅसिनो म्हंजे कॅसेटीचं दुकान का? आता कोन घेते कॅसेटी?"

मी हसले. पत्त्यांचा क्लब आहे असं तिला सांगितलं. तिने "असं का" म्हटलं, दोन शेवंतीची फुलं जास्तीची ठेवली आणि गेली.

काचेच्या बरोबर समोर माझ्या दादाचं घर आहे. माझ्या घरापासून दोन घरं सोडून. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. निवृत्त झाल्यापासून चारला गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा, रस्ता पाहत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, कुणाच्या गाडीचा टायर बसलाय ते सांगायचं, हेच त्याचं काम. पाटी लागली त्या आठवड्यात एका दुपारी मी गेले तर खुर्ची फिरवलेली. पाठ रस्त्याला, तोंड भिंतीला. समोर भिंतीवर फक्त मीटरची पेटी.

"हे काय रे?" मी म्हटलं.

"ऊन लागते," तो म्हणाला.

तिथे चारला ऊन येत नाही. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. मी आत जाऊन वहिनीशी भाजी निवडत बसले.

दादाला पत्त्यांचा नाद होता. नाद हा शब्द आमच्या घरात जपून वापरतात. खरं तर तो नाद आम्हा दोघांनाही आमच्या वडिलांकडून आला. आमचं गाव चांदूर बाजारच्या बाजूला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावाबाहेर चिंचेखाली सतरंज्या पडायच्या आणि सगळं गाव उघडपणे पत्ते खेळायचं. त्या दिवशी त्यात कुणाला गैर वाटत नसे. मी वडिलांच्या मांडीला टेकून झोपायचे. अर्धवट झोपेत पत्ते पिसण्याचा तो आवाज, वरून गळणारी चिंचेची बारीक पानं, कुणाच्या तरी बैलाच्या गळ्यातली घंटी. आजही दुपारी डोळा लागता लागता मला तो आवाज येतो. दादा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, मोठ्या माणसांच्या मागे उभा राहून त्यांचे पत्ते बघायचा आणि कुणी चुकीचं पान टाकलं की ओठ चावायचा. माझा नाद चिंचेखालीच राहिला. त्याचा त्याच्याबरोबर नोकरीच्या गावी गेला.

बारा वर्षांपूर्वी दादाची मुलगी, माझी ती भाची, तापाने दवाखान्यात होती. डॉक्टरांनी औषध बाहेरून आणायला सांगितलं. दादा औषध आणायला गेला, वाटेत कुणीतरी भेटलं, एक डाव म्हणून बसला. तो परत आला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. औषध वहिनीच्या भावाने आणून दिलं होतं, पोरीचा ताप उतरला होता. दादा पिशवी हातात घेऊन खाटेजवळ उभा होता आणि त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. वहिनी दवाखान्यातूनच पोरीला घेऊन बार्शीटाकळीला माहेरी गेली ती दीड वर्षाने आली. आली ती कुठलीही अट न घालता आली. दादाने दवाखान्यातल्या त्या दुपारपासूनच आपणहून पत्त्याला हात लावणं सोडलं होतं. तेव्हापासून त्या घरात पत्ते नाहीत. दिवाळीत पोरं जमली तरी सापशिडी. मीही त्याच्यासमोर कधी खेळले नाही. मोबाइलवर खेळते, दुपारी, आवाज बंद करून. साठीला आलेली निवृत्त मास्तरीण उशीखाली मोबाइल लपवते, हसा हवं तर.

तर क्लबला सरकारी परवानगी अजून मिळायची होती, म्हणून ले-आउटची सभा मारुतीच्या देवळात भरली. सगळे तावातावाने बोलले. पोस्टमास्तर सर्वांत जास्त. हेच गृहस्थ पोळ्याच्या करीला देवळामागच्या ओट्यावर चौघांना घेऊन बसतात, ते मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. "ते वायलं, बाई," ते म्हणाले. "ते सनाचं हाय." सगळे हसले, मीही. अर्ज लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. बत्तीस वर्षं मराठी शिकवली, तर असला मान कोण सोडणार. मी तीन दिवस तो अर्ज घोळवला. अंगणवाडी जवळ आहे, रस्ता अरुंद आहे, बायकांना संध्याकाळी फिरायला जागा उरणार नाही, गाड्या, गोंगाट. अकरा मुद्दे झाले. भाषा अशी खणखणीत, की मीच दोनदा मोठ्याने वाचून पाहिली. वहिनीने सही करताना सगळे मुद्दे वाचले आणि गाड्यांच्या मुद्द्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे बराबर लिवलं. गाड्याईचा लय तरास होईन."

बारावा मुद्दा तिच्यामागे खुर्चीत बसला होता, भिंतीकडे तोंड करून. तो कागदावर कसा लिहायचा, ते बत्तीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा मी त्या क्लबच्या आत जाऊन आले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काम चालू होतं, दार उघडं होतं, आणि मावशीच्या वावरातून आडवाट आहे. आत सुतार जेवायला गेलेले. मोठी खोली, गार फरशी, निळ्या काचेतून आलेलं दुपारचं ऊन पाण्यासारखं जमिनीवर हलत होतं, बाहेरची झाडं हलत होती म्हणून. गोल टेबलं, त्यांवर हिरवं मखमली कापड. मी त्यावर तळहात ठेवला. मऊ होतं, एका बाजूने फिरवलं की गडद, दुसऱ्या बाजूने फिकं. मी एका खुर्चीत बसले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. कुठेही घड्याळ नव्हतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीत मला दादा दिसला, तरुण, ओठ चावत. तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या पत्त्यांकडे बघत होता, आणि सुखात होता. त्याला इतकं सुखात मी फक्त त्या दवाखान्याच्या आधी पाहिलं होतं. मला भीती वाटली आणि मी उठून आले. वावरातून येताना पदराला झेंडूचा वास लागला, तो संध्याकाळपर्यंत होता.

मग अर्ज दिला होता त्या सरकारी ऑफिसकडून कळलं की लगतच्या लोकांचे जबाब घ्यायला माणूस येणार आहे. सर्वांत लगतची म्हणजे फुलवाली मावशी. तिच्या शब्दाला वजन. मी तिच्या वावरात गेले, ती वाफ्याला पाणी देत होती. मी तिला वर्गात समजवावं तसं समजावलं. म्हटलं, "मावशी, साहेब येतील. ते विचारतील, क्लबबद्दल तुमची काही हरकत आहे का. तुम्ही घाबरायचं नाही. जे आहे ते स्पष्ट सांगायचं."

"सांगतो ना, बाई," ती म्हणाली. "खरं सांगाले कायचं भेव?"

माणूस आला, जबाब घेऊन गेला. मी मावशीला विचारलं, काय सांगितलंत. ती म्हणाली, "जे हाय ते सांगतलं." मी निश्चिंत झाले. बत्तीस वर्षं पोरांना प्रश्न नीट वाचा, नीट वाचा म्हणत आलेली बाई मी. उत्तर एकदा नीट ऐकावं एवढं मला सुचलं नाही.

सुनावणीला आम्ही चौदा जण गेलो. दादा येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं, पण तो पांढरा शर्ट घालून फाटकाशी उभा होता. वहिनी बायकांच्या रांगेत बसली, दादा दाराजवळ, मागे. साहेब म्हणजे एक तरुण बाई होत्या, बोलणं हळू, सारखं पेन उघडायच्या आणि मिटायच्या. क्लबवाल्यांचा वकील होता. तो माझा अर्ज हातात घेऊन फार छान भाषा आहे म्हणाला आणि मला क्षणभर बरंही वाटलं. मग त्याने दुसरा कागद काढला.

"लगतच्या जमीनधारक," त्याने वाचलं, "यांना सदर क्लबबाबत विचारणा केली असता, त्यांनी आपली काही हरकत नसल्याचं सांगितलं. खाली अंगठा."

आमच्या रांगेतली सगळी डोकी मावशीकडे वळली. मावशी काही न समजून आमच्याकडे पाहत होती.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही हरकत नाही म्हणालात?"

"मंग काय म्हनू?" ती एकदम ताठ उभी राहिली. "त्या बाबूनं मले इचारलं, तुमची काही हरकत? म्या म्हनलं, मायी कायची हरकत बाप्पा? म्या आपल्या वावरात राह्यतो, फुलं तोडतो. मायी काही हरकत नाही. तुमीच सांगा, म्या कोनाचं काय केलं?"

साहेबांनी पेन मिटलं. मला तेव्हा उमगलं आणि कान गरम झाले. मावशी रोज पहाटे फुलबाजारात बसते. तिथे पोलीस हातगाडीवाल्यांना दटावतो, काय हरकत करून राहिला बे. तिच्या कानाला हरकत म्हणजे आगळीक, खोडी, काहीतरी वाकडं काम. सरकारी माणसाने दारात येऊन तुमची काही हरकत आहे का विचारलं, तर कोण भल्या घरची बाई हो म्हणेल? अर्जातला तो शब्द माझा होता. मी तो तिच्या हातात दिला, आणि तो तिच्या हातात कसा दिसतो ते पाहिलंच नाही.

मी उभी राहून समजावून सांगितलं. हशा झाला, साहेबही हसल्या. मावशी हसली नाही. तिला वाटलं आपल्यामुळे काम बिघडलं, आणि तिचे डोळे भरून आले. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

वकील शहाणा होता. म्हणाला, ठीक आहे, शब्दाचा घोटाळा झाला, तो जबाब मी बाजूला ठेवतो. पण मॅडम, हे अकरा मुद्दे बघा. गोंगाट होईल, त्रास होईल, बिघडतील. कोण बिघडेल? हे सगळे प्रौढ लोक आहेत. हेच लोक पोळ्याला पत्ते खेळतात, मला नावं माहीत आहेत. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. ज्याचं नेमकं नुकसान होणार आहे असा एक माणूस दाखवा, वकील म्हणाला. एकच.

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. "सांगा," त्या हळू म्हणाल्या. "नेमकं कोणाचं?"

पंखा फिरत होता. खिडकीबाहेर कडुनिंब होता, त्याचा पिवळा पाला एकेक करून खाली येत होता, आणि मला वाटत होतं की ही वेळ अशीच लांबत जावी, कुणी काही बोलू नये. मी मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मायं," दादा म्हणाला.

साहेबांनी त्याला पुढे बोलावलं. तो आला नाही, तिथेच दाराजवळ उभा राहिला, एक हात चौकटीवर ठेवून.

"मायं घर त्या काचेसमोर हाय, मॅडम. मले पत्त्याचा नाद होता. पोरगी दवाखान्यात असताना मी पत्ते खेळत बसलो होतो. ह्या समद्याईले माहीत हाय, कोनी तोंडावर बोलत नाही, त्याईचे उपकार. तथी बत्ती लागली का मी जाईन. आज नाही जानार, उद्या नाही जानार, पन जाईन. मले मायं माहीत हाय. म्हनून मी हरकत घेतो." तो थांबला. "आनखी कोनाचं नुकसान होईन ते मले माहीत नाही. मायं होईन."

वकिलाने कागद खाली ठेवला. साहेबांनी काहीतरी लिहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. ती समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, पदर मुठीत गच्च धरून.

परत येताना एका ऑटोत आम्ही चौघं. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे वहिनी, मी आणि मावशी. राजकमल चौकात ऑटो बराच वेळ अडकली. मावशीने ओच्यातून एक झेंडूचं फूल काढलं, चुरगळलेलं, आणि वहिनीच्या हातात दिलं. का दिलं ते तिलाच ठाऊक. वहिनीने ते घेतलं. उन्हात चौक असा थरथरत होता की दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या.

घरी आल्यावर मी चहा टाकला, त्यांच्याच स्वयंपाकघरात. दादा गॅलरीतल्या खुर्चीत बसला होता. वहिनी दारात उभी राहिली. मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी ऐकलं.

"मले वाटे, सुटलं तुमचं," ती म्हणाली. "बारा वर्सं मले वाटे का सुटलं."

"सुटलं नाही."

"मंग?"

"सकाळी उठलो का म्हनतो, आज नाही जायचं. तेवढंच म्हनतो. उद्याचं म्हनत नाही."

"बारा वर्सं?"

"बारा वर्सं."

"आन् मले काहून नाही सांगतलं?"

दादा उत्तर देईपर्यंत चहा उतू गेला. "तू निवांत झोपत होती ना व," तो म्हणाला. "म्या म्हनलं, झोपू दे."

वहिनी रडली. चांगली मोठ्याने रडली, दवाखान्यातही ती अशी रडली नव्हती. मी गॅस पुसत राहिले, कितीतरी वेळ. मला राग आला होता, माझ्याच अर्जाचा, त्यातल्या त्या अकरा सुबक मुद्द्यांचा.

महिन्याभराने आदेश आला. परवानगी नाकारली. कारण एकच दिलं होतं, अंगणवाडीपासूनचं अंतर नियमाला पुरत नाही. टेपने मोजून आले होते म्हणे. दादाचा त्यात एक शब्द नव्हता. पोस्टमास्तरांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "पाहा, बाई, तुमचा पयलाच मुद्दा कामी आला." मी पेढा घेतला. चार पावलं जास्त भरली असती तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. क्लबवाले वर अपील करणार असं ऐकते. काच अजून तिथेच आहे. दिवे लागत नाहीत, पण मावळतीला सूर्य त्यात उतरतो आणि थोडा वेळ वावर पुन्हा रंग बदलतं. मी अजून गच्चीवरून बघते.

सकाळी मी दादाकडे चहाला जाते. मास्तरकी संपल्यापासूनची सवय. आता वहिनी त्याला कप देण्याआधी विचारते, "आज?" एवढंच. दादा म्हणतो, "नाही." मग ती कप देते आणि पोळ्या लाटायला आत जाते. पहिल्या दिवशी तिने विचारलं तेव्हा तो दचकला होता. बारा वर्षं हा प्रश्न त्याचा त्याने, मनातल्या मनात, एकट्याने विचारला होता. आता हळूहळू त्याला सवय झाली आहे, काही वेळा तर उत्तर देता देता तो पेपरही उलटतो.

गेल्या मंगळवारी वहिनीने विचारलं, "आज?" आणि दादा बोलला नाही. गॅलरीतून मान वळवून समोरच्या काचेकडे बघत राहिला. मी माझा कप खाली ठेवला. वहिनी हलली नाही, दुसऱ्यांदा विचारलं नाही, गरम कप पदराने धरून तशीच त्याच्याजवळ उभी राहिली, चहावर साय धरेपर्यंत, तो "नाही" म्हणेपर्यंत.